नावावर काय आहे

मावशी प्राणहितेच्या पलीकडून, अहेरीकडून, आठ दिवसांसाठी आली होती. बेज्जूरला अंधार पडला की करण्यासारखं फारसं उरत नाही. जेवणं आटोपल्यावर मी ‘भूमिका’ लावला. माझा दोनदा पाहून झालेला, मावशीचा पहिलाच. श्याम बेनेगल कोण हे तिला ठाऊक नाही आणि ठाऊक नसल्याचं दुःखही नाही. मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत ती बघत होती. सुरुवातीचं स्टुडिओतलं ठसकेबाज गाणं संपलं, नटी घरी आली, नवऱ्याशी जुंपली, बाई घर सोडून निघाली. मावशीनं शेंगेची फोलपटं झटकली नि विचारलं, “अन् पैसे? हिचे पैसे कोनापाशी रायतेत?”

मी गप्प. दोनदा बघूनही हा प्रश्न मला पडलेला नव्हता. ‘भूमिका’वर बोलायचं म्हणजे नायिका उषाच्या आयुष्यातले पुरुष मोजायचे, अशी आपली रीत आहे: नवरा केशव दळवी, नायक राजन, दिग्दर्शक सुनील वर्मा, जमीनदार विनायक काळे. अमोल पालेकर, अनंत नाग, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी. चारही बिनतोड नट, त्यामुळे चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते. मावशीनं त्या रात्री एका वाक्यात चौघांना बाजूला सारलं आणि सिनेमा माझ्यासमोर नव्यानं उघडला. पुढे लिहितोय ते त्या तिसऱ्या बघण्यातलं आहे.

‘भूमिका’ 1977चा. मुळाशी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन. ते आधी श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’मध्ये क्रमशः आलं, शब्दांकन अरुण साधूंचं. 1970मध्ये राजहंसनं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1971मध्ये, हंसाबाई गेल्या. वय पन्नासच्या आत. ‘संत सखू’मधली सखू, ‘लोकशाहीर रामजोशी’तली नायिका, ‘सांगत्ये ऐका’मधली तमासगीर बाई, असा ज्यांचा पडद्यावरचा पसारा, त्यांनी शेवटी स्वतःच्या गोष्टीला नाव दिलं ते आपल्याच एका सिनेमाचं. अनंत मान्यांचा तो ‘सांगत्ये ऐका’ 1959चा, पुण्याच्या विजयानंदला दोन वर्षांहून जास्त चालला. त्यात बोर्डावरची बाई भर तमाशात झाकलेला भूतकाळ सांगू लागते आणि गावातल्या मातब्बराचं पितळ उघडं पडतं. हंसाबाईंनी हे शीर्षक उगीच उचललं नसणार. बोर्डावर उभं राहून बोलायची युक्ती त्यांना त्या सिनेमानं दिली, किंवा त्यांनी त्या सिनेमाला.

पण हंसा वाडकर हेही खरं नाव नव्हे. खरं नाव रतन, आडनाव साळगावकर. घराण्याची मुळं कलावंतिणींच्या परंपरेत गेलेली, पुढच्या पिढ्या घरंदाज होण्याच्या खटपटीत. घरात पैसा नाही म्हणून पोर सिनेमात गेली, 1936च्या ‘विजयाची लग्ने’पासून. पोरीच्या कमाईवर चूल पेटणार होती, ते चालत होतं. साळगावकर हे नाव मात्र पडद्यावर लागता कामा नये. म्हणून रतनची हंसा झाली आणि साळगावकरची वाडकर. हंसा वाडकर नावाच्या बाईबद्दल पुढे जे काही बोललं गेलं, त्याची पहिली ओळ इथे लिहिली गेली, ती पोरवयात असताना, घरच्याच माणसांकडून.

त्याच काळातल्या दुर्गा खोटे आठवून पाहाव्यात. त्याही पैशाची गरज म्हणून सिनेमात आल्या, पहिल्या चित्रपटानंतर त्यांनीही लोकांची बोलणी खाल्ली. तरी पडद्यावर त्या खोटेच राहिल्या आणि 1932च्या ‘अयोध्येचा राजा’नंतर तर त्या नावानंच सिनेमाला अब्रू मिळवून दिली असं म्हणायची पद्धत पडली. नामांकित सॉलिसिटरची मुलगी, शिकलेली. तिला नाव लपवायची गरज नव्हती, कारण तिच्या नावामागे लपवण्यासारखं काही आहे असं कुणी मानत नव्हतं. रतनच्या मागे आजी-पणजीचं गाणं होतं.

आपल्या भाषेनं या ‘नावा’ला फार कामाला लावलंय. नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. फक्त एका अनुस्वाराचा फरक. नाव काढायचं, नाव घालवायचं, नाव घ्यायचं तेही उखाण्यात. आणि मग ‘नावावर’: घर कुणाच्या नावावर, शेत कुणाच्या नावावर. आमच्या या महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या पट्ट्यात नावाचं प्रकरण जरा जास्तच जाणवतं. घरात मराठी, बाजारात तेलुगू. आडनाव पुढे लावायचं की मागे हे कागदागणिक बदलतं. तेलुगूत घराण्याचं नाव आधी, तेही अनेकदा नुसत्या आद्याक्षरानं. आपल्यात ते शेवटी, मध्ये बाप नाहीतर नवरा. पलीकडे जमिनीचा सातबारा, इकडे पट्टादार पासबुक. माझ्याच एका कागदावर मी दोन वेगळी माणसं आहे, आणि दोघांपैकी एकाचं खातं बंद पडलंय. असो.

बेनेगलांच्या सिनेमात रतनची उषा होते आणि उषाची पडद्यावर उर्वशी. हे दुसरं नाव तिखट निवडलंय. स्वर्गातली अप्सरा, कुणाच्या घरातली नव्हे. वर्तमानकाळ रंगीत आणि बालपण कृष्णधवल, ही या सिनेमाची सरळसोट मांडणी. गोविंद निहलानींचा कॅमेरा त्या कृष्णधवल भागात गेला की मला स्टुडिओतल्या रंगांपेक्षा जास्त रंग दिसतात: सारवलेलं अंगण, नऊवारीचा खरबरीतपणा, खाटेवरचा खंगलेला बाप. आजी गाणं शिकवतेय. आई, म्हणजे सुलभा देशपांडे, त्या गाण्यापासून पोरीला वाचवू पाहतेय. एकीला वारसा पुढे द्यायचाय, दुसरीला तो पुरायचाय. दोघींच्या मध्ये पोर उभी.

आणि ती कोंबडी.

केशव घरी आलाय. पाहुण्याला जेवायला घालायचं म्हणून कोंबडी कापायची ठरते. छोटी उषा ती वाचवायला पळत सुटते. या प्रसंगाला संवादाची गरजच लागत नाही. पोरीचं धावणं बघावं. त्यात खेळ नाही, रडारडही नाही, एक हट्ट आहे. कोंबडी तिची आहे असं तिला वाटतं, आणि घरातल्या कुणाला तसं वाटत नाही. पाळली हिनं, पण ती पाहुण्याच्या ताटासाठीच होती. तिसऱ्या खेपेला मला इथे मावशीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. ज्याच्यासाठी कोंबडी कापली तोच माणूस पुढे हिला मुंबईला नेऊन स्टुडिओच्या दारात उभं करतो, हिचे करार ठरवतो, हिच्याशी लग्न करतो. बेनेगल यातलं काही अधोरेखित करत नाहीत. कोंबडी पळते, पोर पळते, आणि दिवाणखान्यात केशव बसलेला असतो.

केशवच्या भूमिकेत पालेकर, ही तर निव्वळ हुशारी. ‘रजनीगंधा’, ‘छोटीसी बात’, ‘चितचोर’ यांमुळे तेव्हा तो सगळ्यांचा भोळा, लाजरा कारकून होता. प्रेक्षक त्याच्यावर विश्वास टाकून बसलेला. तोच सोज्वळ चेहरा केशवला दिलाय. तो ओरडतो, संशय घेतो, पण खलनायक वाटत नाही. घरातला माणूस वाटतो, आणि म्हणून जास्त टोचतो. लग्नानंतर उषाला काम सोडायचंय. घर, मूल, नवरा, एवढंच हवंय. केशवचे स्वतःचे धंदे बसलेत, म्हणून तिनं काम करत राहायचं. ज्या राजनवरून तो रात्री घर डोक्यावर घेतो, त्याच राजनबरोबरच्या चित्रपटाला दिवसा त्याची हरकत नसते. इथे मावशी हसली. “म्हंजे बाई वाईट, पन बाईचा पैसा चांगला.”

लफड्याचा आरडाओरडा होतो तेव्हा हिशेबाची वही झाकली जाते, हे या सिनेमाइतकं शांतपणे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. घरातलं प्रत्येक भांडण चारित्र्यावरून सुरू होतं. एकदा नीट ऐकून बघा, मध्ये कुठेतरी कमाई येते, आणि ती आली की आवाज आणखी चढतो.

हे फक्त आपल्याकडचं नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत एकोणिसाव्या शतकात मेरी एलन प्लेझंट नावाची एक काळी बाई होती. जन्म कुठला, गुलामीतला की स्वतंत्र, याबद्दल तिनंच वेगवेगळ्या गोष्टी सांगून ठेवल्या. सोन्याच्या शोधात जग तिकडे धावलं त्या दिवसांत ती तिथे पोचली. धनिकांच्या घरी स्वयंपाक केला, वाढता वाढता टेबलावरची गुंतवणुकीची बोलणी ऐकली, धोबीखाने काढले, खाणावळी चालवल्या आणि गडगंज झाली. गोऱ्या समाजात तिनं आपला वंश झाकून ठेवला होता असं मानतात. गुलामगिरी संपल्यावर मात्र तिनं तो उघड सांगितला, आणि ट्रामवाल्या कंपन्या काळ्यांना गाडीत घेत नाहीत म्हणून त्यांना कोर्टात खेचलं. 1880च्या दशकात माजी सिनेटर विल्यम शॅरनवर एका बाईनं लग्नाचा दावा लावला. प्लेझंट त्या बाईच्या पाठीशी उभी राहिली आणि वर्तमानपत्रांचा सगळा चिखल हिच्या अंगावर आला: चेटकीण, कुंटीण, काय वाटेल ते. ‘मॅमी’ हे तिला चिकटवलेलं नाव तिला सहन होत नसे. गोऱ्यांच्या घरातल्या काळ्या दाईला मारायची ती हाक. आपल्याकडे कर्त्यासवरत्या बाईला नुसतं ‘ए बाई’ म्हणावं, त्याहून कडू.

आणि पैसा? तिच्या मालमत्तेचा मोठा भाग थॉमस बेल या गोऱ्या भागीदाराच्या नावात गुंतलेला. 1892मध्ये बेल घरातच जिन्यावरून पडून मेला आणि मग कुठलं तिचं, कुठलं त्याचं, हे सिद्ध करणं तिला जमेना. 1904मध्ये ती गेली तेव्हा हातात फारसं उरलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या नापा इथे तिच्या थडग्यावर ओळ आहे ती तिनं स्वतः मागितलेली: गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राऊनची ती मैत्रीण होती. त्यात श्रीमंती नाही, घराणं नाही, नवरा नाही. इतकी नेटकी आत्मचरित्रं फार थोडी.

प्लेझंटनं गुपितं राखली आणि रतननं सांगून टाकली. दोन टोकं. पण कागदावर सही कुणाची, या ठिकाणी दोघी एकाच बाकावर बसलेल्या दिसतात.

आता काळेचा वाडा. सिनेमाचा हा भाग बेज्जूरमध्ये बसून बघणं आणि दादरमध्ये बसून बघणं यांत फरक पडतो. विनायक काळे उषाला आपल्या इस्टेटीवर नेतो. मोठं घर, अंथरुणाला खिळलेली बायको, म्हातारी आई, लहान मुलगा. उषा तिथे रमते. स्वयंपाकघर हाती घेते, डोक्यावर पदर येतो, मुलाला जीव लावते. दहा वर्षं जे मागत होती ते आयतं मिळालं, असं तिला काही दिवस वाटतं. मग एके दिवशी मुलाला घेऊन जत्रेला निघते आणि कळतं की या घराच्या बायका उंबरा ओलांडत नाहीत. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. अमरीश पुरी आवाजसुद्धा चढवत नाहीत. नियम तेवढा सांगतात.

तेलंगणात अशा माणसाला दोरा म्हणतात आणि त्याच्या घराला गडी. बेनेगल हैदराबादकडचे. ही घरं त्यांनी लहानपणापासून पाहिली असणार. ‘अंकुर’ आणि ‘निशांत’ त्यांनी याच मातीतून उचलले. 1945च्या तेलंगणातल्या ‘निशांत’मध्ये शाळामास्तराची बायको पळवून आणणाऱ्या घराण्याचा थोरला अमरीश पुरीच, आणि त्याच घरातली मुकाट धाकटी सून स्मिता पाटील. दोन वर्षांनी ‘भूमिका’त ती पुन्हा त्याच माणसाच्या चौकात उभी आहे. फरक एवढाच की या वेळी पळवून आणलेलं नाही, स्वतःच्या पायानं आली. ‘निशांत’ पाहिलेल्याला काळे तोंड उघडायच्या आधीच कळतो. हंसाबाईंच्या पुस्तकातलं खेडं मराठवाड्यातलं, तेही एके काळचं निजामाच्याच राज्यातलं. तो मुलूख आणि आमचा हा कोपरा एकाच सरंजामाची लेकरं. उंबऱ्याचा नियम मावशीला समजावून सांगावा लागला नाही.

त्या वाड्यात उषाजवळ काय आहे? नाव नाही. उर्वशीही नाही, दळवीही नाही, आणि काळे तर नाहीच. रक्कम नाही. अंगावरचं लुगडं घरातलं, किल्ल्या घरातल्या. जिच्या एका होकारावर निर्माते उड्या मारत, ती सुटकेसाठी लपून पत्र लिहिते, तेही ज्याला सोडून आली त्या केशवला. तो पोलीस घेऊन येतो. ती निघते तेव्हा खाटेवरची बायको तिला जे सांगते त्यात असूया नाही, एका बाईनं दुसरीला रस्ता सांगावा तसं ते आहे. सिनेमातला सगळ्यात कडक आवाज त्या हलू न शकणाऱ्या बाईला दिलाय. गिरीश कर्नाड, पंडित सत्यदेव दुबे आणि बेनेगल यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर तो या एका जागेसाठीही चालला असता.

एक तक्रार मात्र आहे. पुस्तकात हंसाबाई सुटकेच्या वेळचा जो प्रसंग सांगतात, ज्यात सोडवणाऱ्या सरकारी यंत्रणेतलाच अधिकारी त्यांच्यावर अत्याचार करतो, तो सिनेमात नाही. कारणं असतील, काळ वेगळा होता. पण त्यामुळे काळेचा वाडा हा एक अपवादात्मक तुरुंग ठरतो आणि बाहेरचं जग मोकळं वाटू लागतं. हंसाबाईंनी तेवढीही सोय ठेवली नव्हती. सुनील वर्माचं प्रकरणही मला दर वेळी पातळ वाटतं. शून्यवाद बोलणारा तो दिग्दर्शक संवादांतच जगतो. राजन तर बिचारा, चांगला माणूस यापलीकडे त्याला पटकथेनं काही दिलेलंच नाही.

स्मिता पाटील त्या वेळी बावीसच्या आसपास. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी, सावळी. ‘सावळी’ हा आपला सभ्य शब्द. लग्नाच्या बाजारात आणि हिंदी सिनेमाच्या बाजारात त्याचा अर्थ एकच. निहलानींनी तो रंग उजळवायचा खटाटोप केलेला नाही. मेकअपच्या आरशासमोर उर्वशीच्या चेहऱ्यावर रंग चढतो आणि उतरतो, तेव्हा खालची उषा त्याच सावळ्या कातडीत परत येते, कपाळ थोडं तेलकट, डोळे जागरणाचे. किशोरवयीन उषापासून मुलीची आई होईपर्यंत तिनं वय बदललंय ते खांद्यांतून आणि चालीतून. पांढरे केस वगैरे प्रकार नाहीत. पोरवयात खांदे पुढे, नटी झाल्यावर मागे, वाड्यात पुन्हा पुढे. त्या वर्षीचा अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार तिचा, आणि नऊ वर्षांनी, डिसेंबर 1986मध्ये, तीही गेली. हे दोन्ही माहीत असून सिनेमा बघताना मी विसरतो, एवढं पुरे.

गाणी वनराज भाटियांची. प्रत्येक गाणं आपापल्या सालाचं वाजतं, तिशीचं तिशीसारखं, पन्नाशीचं पन्नाशीसारखं. नक्कल वाटत नाही, कारण त्यांत थट्टा नाही. पडद्यावरची उर्वशी गाण्यात घरासाठी झुरते आणि दिवे विझले की उषा त्याच घरातून बाहेर पडायची वाट शोधते. मावशी एका गाण्याला पायानं ताल धरत होती. मी बघतोय म्हटल्यावर थांबली.

शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी. मुलगी मोठी झालीय, लग्न झालंय, आईला आपल्याकडे बोलावते. उषा जात नाही. खोलीत पलंग आहे, खिडकी आहे, फोन आहे. फोन वाजतो. पलीकडे राजन. मागच्या दोन्ही वेळी मी इथे तिच्या एकटेपणानं गलबललो होतो. या वेळी माझं लक्ष खोलीकडे गेलं. बालपणीचं घर बापाचं, नंतरचं केशवचं, मग काळेचा वाडा. ही खोली भाड्याची, पण भाडं ती स्वतः भरते. हॉटेलच्या रजिस्टरात तिनं कुठलं नाव लिहिलं असेल, हे बेनेगलांनी दाखवलेलं नाही.

सूप रिकामं झालं होतं. मावशीनं दाणे डब्यात भरले, फोलपटं चुलीसाठी बाजूला काढली.

“फोन उचलला, पन बोलली नाई,” ती म्हणाली.

“नाही बोलली.”

“बरं झालं,” म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.